आमच्या डब्यातला सीईओ

डोंबिवलीहून सकाळी ठाण्याकडे निघालेल्या फास्ट गाडीत देशातल्या कुठल्याही आयटी कंपनीचा कारभार वीस-पंचवीस मिनिटांत सुधारून मिळतो. त्यासाठी आमच्या डब्यात, मधल्या दाराच्या आतल्या अंगाला, सीईओच्या आसपास एक पाय टेकवण्यापुरती जागा मिळाली की झालं. दुसरा पाय टेकायला मिळाला तर तो बोनस समजावा.

सीईओ हे त्याला ग्रुपने दिलेलं नाव. कागदोपत्री तो घोडबंदर रोडवरच्या एका अवाढव्य कंपनीत डिलिव्हरी मॅनेजर आहे. कंपनीचं नाव मी सांगणार नाही. सांगितलं तर त्याची नोकरी जाईल, आणि त्याची नोकरी गेली तर आमच्या डब्याला विषय उरणार नाही. वय चव्वेचाळीस, सॅक पोटावर, सॅकमध्ये लॅपटॉप आणि पोळीभाजीचा डबा, गळ्यातला कंपनीचा निळा पट्टा कार्डासकट शर्टाच्या खिशात सारलेला. कंपनीला शिव्या देताना कंपनीचं कार्ड झाकून ठेवावं एवढी सभ्यता त्याच्याकडे आहे. डोंबिवलीत अशी माणसं इमारतीमागे एक तरी सापडतील. आमच्या पेंडसेनगरच्या इमारतीत हा आहे, तिसऱ्या मजल्यावर. मी पहिल्या मजल्यावर. मी नौपाड्यातल्या एका बँकेत कारकून. 2005 साली 'डोंबिवली फास्ट' सिनेमा आला तेव्हापासून बँकेतला माणूस एक दिवस भडकणार, अशी लोकांची अपेक्षा असते. मी अजून भडकलेलो नाही. भडकायचं काम आमच्याकडे सीईओ बघतो.

पूर्वी एक सोय होती. फास्ट लोकल पारसिकच्या बोगद्यातून जायची. बोगद्यात खडखडाट असा असायचा, की सीईओला नाइलाजाने गप्प बसावं लागे आणि आम्हाला घटकाभर डोळे मिटता येत. 2022 साली ठाणे-दिवा दरम्यान पाचवी-सहावी लाइन सुरू झाली, फास्ट लोकल मुंब्र्याच्या बाजूने वळवल्या आणि बोगदा लांब पल्ल्याच्या गाड्यांना गेला. रेल्वेच्या दृष्टीने ती प्रगती असेल. आमची हक्काची विश्रांती गेली.

सीईओच्या मते जगात दोनच जाती आहेत: काम करणारे आणि मॅनेजमेंट. या दोहोंमधली रेघ कुठे असते, तर बरोबर त्याच्या डोक्यावर. 2004 साली तो ट्रेनी म्हणून सीप्झला लागला. तेव्हा घाटकोपरला उतरून बसच्या रांगेत उभं राहायचं, मेट्रो यायला अजून दहा वर्षं होती. त्या काळात मॅनेजमेंट म्हणजे टीम लीड. "काका, त्याला कोडमधलं ओ की ठो कळत नाही. नुसता मागे येऊन उभा राहतो आणि झालं का, झालं का विचारतो." पुढे हाच टीम लीड झाला. त्याबरोबर जगातले समस्त टीम लीड काम करणाऱ्यांत आले आणि मॅनेजमेंट प्रोजेक्ट मॅनेजरपासून सुरू व्हायला लागली. मग तो प्रोजेक्ट मॅनेजर झाला. बिचाऱ्या प्रोजेक्ट मॅनेजरांचं दोन्हीकडून कसं मरण होतं ते आम्ही वर्षभर ऐकलं. आता हाताखाली चाळीसेक माणसं आहेत, आणि मॅनेजमेंट चेन्नईला सरकली आहे. उद्या त्याला खरोखरीचा सीईओ केला तर तो संचालक मंडळाला शिव्या देईल, आणि संचालक मंडळात घेतला तर शेअरहोल्डरांना.

यातला शेअरहोल्डरांचा भाग मी अंदाजाने म्हणत नाही. एकदा बोलता बोलता मी म्हटलं, माझ्याकडे तुझ्या कंपनीचे दहा शेअर आहेत रे. त्याने मला आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाला, "म्हणजे तुमच्यासाठी चाललंय होय हे सगळं!" कळवा येईपर्यंत तो माझ्याशी बोलला नाही.

'यंदा पेपर टाकणार' हे त्याचं ठरलेलं वाक्य. राजीनाम्याची मेल तयार आहे. ड्राफ्टमध्ये आहे. कोपर आणि दिव्याच्या मध्ये त्याने मला ती मोबाइलवर दाखवलीसुद्धा आहे. मेल चांगली आहे, स्वाभिमानी आहे, दुसऱ्या परिच्छेदात थोडी जळजळीत आहे. अडचण एवढीच, की ज्या बॉसच्या नावाने ती लिहिली होती तो बॉसच मध्ये राजीनामा देऊन गेला. सीईओने वरचं नाव बदललं. महिना-दोन महिने नव्या बॉसचा अंदाज घेतला, जळजळीत परिच्छेद त्यालाही लागू पडतो याची खात्री केली, आणि तोवर तोही बंगळूरच्या कुठल्या कंपनीत निघून गेला. मेल अजून तिथेच आहे. मायना तेवढा ताजा असतो.

न टाकण्याची कारणं ऋतुमानाप्रमाणे असतात. एप्रिलमध्ये अप्रेझल तोंडावर आलेलं असतं, आता सोडणं म्हणजे वर्षभराची मेहनत पाण्यात. जुलैत वाढीचं पत्र यायचं असतं. पत्र आलं की चार दिवस संताप, पण मग दिवाळीचा व्हेरिएबल पे दिसायला लागतो. जानेवारीत टॅक्सचे पुरावे सादर करायचे, त्यात दोन कंपन्यांचे फॉर्म 16 म्हणजे नसती भानगड. मार्चमध्ये क्लायंटचं इयर एंड. शिवाय नव्वद दिवसांची नोटीस. नवी कंपनी म्हणते महिन्याभरात या, जुनी म्हणते नव्वद दिवस भरून जा. "नव्वद दिवस, काका! नव्वद दिवस माणसाचा राग टिकतो का?"

मेडिक्लेमचं कारण मात्र तो हसत हसत सांगत नाही. आईच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं कंपनीच्या ग्रुप मेडिक्लेममधून झाली, वडिलांची अँजिओप्लास्टी त्यातूनच. सत्तरी ओलांडलेल्या, आजार असलेल्या माणसांसाठी बाहेर विमा घ्यायला गेलं की प्रीमियम ऐकूनच बाकीचे गुडघे जातात. शिळफाट्याच्या रस्त्याला एक फ्लॅट घेतलाय, त्याचा हप्ता आहे. मुलगी अकरावीला आहे. मेल ड्राफ्टमध्ये राहते यात नवल नाही.

वडिलांचा उल्लेख आला म्हणून. ते वागळे इस्टेटमध्ये एका इंजिनीअरिंग कारखान्यात फिटर होते. वागळे इस्टेट ही एमआयडीसीची पहिली वसाहत, महामंडळच 1962 सालचं. तिथे रस्त्यांना नावं नाहीत, नंबर आहेत. त्यांचा कारखाना बंद पडला आणि त्या रस्त्याला आता काचेची इमारत आहे, तिच्यात आयटी कंपन्या. वडील युनियनचे माणूस. भोंगा झाला की गेटसभा, गेटसभेत भाषण, भाषणात मालकाचं नाव घेऊन मुर्दाबाद. संध्याकाळी मालकाची फियाट त्याच गेटातून बाहेर पडायची, आणि मालक काच खाली करून विचारायचा, "काय, आज घसा बसला वाटतं?" 1982 च्या गिरणी संपाने माणसं कशी देशोधडीला लागली हे त्यांनी जवळून बघितलंय, त्यामुळे संपाचे गोडवे ते गात नाहीत. पण मुलाचं रोजचं पुराण ऐकून एकदा न राहवून त्यांनी विचारलंच, "अरे, एवढा जाच आहे तर एक दिवस सगळे मिळून गेटाबाहेर का येत नाही तुम्ही?"

"बाबा, बाहेर आलं की कार्ड स्वाइप होतं. तास कापले जातात."

वडील थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "पण मुर्दाबाद म्हणायचंच झालं तर म्हणायचं कुणाला?"

हा प्रश्न बिकट आहे. सीईओचा बॉस चेन्नईत, त्याचा बॉस न्यू जर्सीत, क्लायंट ओहायोत, आणि एचआर म्हणजे एक आयडी, त्याच्यावर मेल टाकली की तिकीट नंबर येतो. सगळे एकत्र भेटतात ते फक्त टाउनहॉलला, आणि तिथे नऊ हजार माणसं म्यूट असतात. शेवटी दहा मिनिटं प्रश्नांना असतात. प्रश्न आधी लिहून पाठवायचे. सीईओने एकदा खरंच पाठवला होता: वाढ चार टक्के आणि नफा अकरा टक्के, हे कसं? टाउनहॉलमध्ये निवेदिकेने तो वाचला तो असा: "आपल्या उज्ज्वल वाटचालीबद्दल एका सहकाऱ्याला उत्सुकता आहे..."

पुण्यात आयटीवाल्यांची नाइट्स नावाची एक संघटना आहे, ती कामगार खात्याकडे तक्रारी करते, पत्रं लिहिते. त्यांचं पत्र बाहेर आलं की सीईओ ते ग्रुपवर आवर्जून टाकतो. तू सभासद का होत नाहीस म्हणून विचारलं तर म्हणाला, "मी कायद्याने कामगारात बसत नाही ना, काका. माझं काम मॅनेजरचं धरतात." एरवी चेन्नईत असलेली मॅनेजमेंट संघटनेचा विषय निघाला की क्षणात डोंबिवलीला येते. हा माणूस कायद्याने कामगार नाही आणि पगाराने मालक नाही, आणि दोन्हीकडची गाऱ्हाणी मात्र त्याच्याकडे आहेत.

2023 च्या ऑक्टोबरात नारायण मूर्तींनी तरुणांनी आठवड्याला 70 तास काम करावं असं सांगितलं, तेव्हा डब्यात त्याने सॅकमधून पेन काढून पेपरच्या समासात हिशेब मांडला होता. ऑफिसचे साडेनऊ तास गुणिले पाच. दारातून दारात जाऊन-येऊन साडेतीन तास, गुणिले पाच. त्यात डोंबिवली-ठाणे गाडी सगळ्यात कमी, खरा वेळ कापूरबावडीपासून पुढे मेट्रोच्या खांबांमधून कंपनीची बस सरकते त्यात. झाले 65. वर आठवड्यातून तीन रात्री अमेरिकेचा कॉल. "आम्ही कधीच पास आहोत! फक्त आमचे तास मध्य रेल्वेच्या खात्यात जमा होतात." पुढे जानेवारी 2025 मध्ये एल अँड टीच्या अध्यक्षांचं 90 तासांचं आणि घरी बसून बायकोकडे किती वेळ बघणार, हे वक्तव्य गाजलं. त्या दिवशी सीईओ हिशेबाच्या भानगडीत पडला नाही. तो म्हणाला, "बायको मला रविवारीच दिसते. आणि ती माझ्याकडे बघत नाही."

लॉकडाऊनमधला त्याचा संसार मी रोज ऐकत होतो, कारण त्याचं ऑफिस बाल्कनीत होतं आणि बाल्कनी माझ्या बाल्कनीच्या वर, एक मजला सोडून. वॉशिंग मशिनवर लॅपटॉप. आत आई, वडील, ऑनलाइन शाळा. क्लायंटला तो इंग्रजीत काही गंभीर समजावत असायचा आणि आतून आवाज यायचा, "दोन शिट्ट्या झाल्या की बंद कर रे!" अमेरिकेतल्या माणसाला या प्रकल्पात शिट्टी नावाचा काही टप्पा आहे असं वाटलं असल्यास मला आश्चर्य वाटणार नाही. त्या काळात सीईओची घोषणा होती: हे जगणं नाही, मला माझं ऑफिस परत द्या. मग ऑफिस परत मिळालं. आधी आठवड्यातून तीन दिवस, मग पाच. कार्ड आत कधी घासलं, बाहेर कधी घासलं, मध्ये किती मिनिटं, याची बेरीज महिन्याअखेर येते आणि कमी भरली तर व्हेरिएबल पेवर येते. आता तो सकाळी ठाण्याला जातो, गर्दीतून जाऊन खुर्ची पकडतो, कानाला हेडफोन लावतो आणि पुण्याच्या, चेन्नईच्या, हैदराबादच्या माणसांशी व्हिडिओवर बोलतो. शेजारच्या खुर्चीतला माणूस दुसऱ्या प्रोजेक्टचा, तो नोएडाशी बोलत असतो. "काका, हेच मी वॉशिंग मशिनवरून करत होतो." त्याची घोषणा आता काय आहे हे सांगायला नकोच.

त्याचा सगळ्यात आवडता विषय म्हणजे बेल कर्व्ह. यावर तो अधिकारवाणीने बोलतो आणि खरं सांगायचं तर चांगलं बोलतो. जनरल इलेक्ट्रिकच्या जॅक वेल्शने माणसांचे वीस, सत्तर आणि दहा टक्के असे तीन ढीग कसे केले, खालच्या दहाला दरवर्षी दार कसं दाखवलं, मग अर्ध्या जगाने त्याची नक्कल कशी केली, आणि मायक्रोसॉफ्टने 2013 च्या नोव्हेंबरात ती सक्तीची उतरंड बंद कशी केली, कारण हुशार माणसं हुशार माणसांच्या टीममध्ये जायलाच तयार होईनात. "बरोबर आहे ना! दहाही जण चांगले असले तरी एकाला खाली घालायचंच. मग मी शहाणा असेन तर मी नऊ गाढवं शोधीन आणि त्यांच्यात जाऊन बसेन." आमच्या डब्यातल्या एका औषध कंपनीवाल्याने यावर आजूबाजूला नजर फिरवली आणि विचारलं, "म्हणून तू या ग्रुपमध्ये आलास का?"

दर अप्रेझलनंतर त्याचा बॉस त्याला एक वाक्य ऐकवतो. ते वाक्य आता आम्हा सगळ्यांना पाठ आहे. "मी तुझ्यासाठी खूप भांडलो, पण वरून आलंय." सीईओ ते चेन्नईच्या इंग्रजी ठसक्यात म्हणून दाखवतो, मान हलवून, डोळे खाली करून. डबा हसतो. मीही हसायचो.

माझी भाची कल्याणला राहते, खडकपाड्याला. दीड वर्षापूर्वी तिला नोकरी लागली, ती नेमकी त्याच कंपनीत, आणि पुढे कळलं की नेमकी त्याच्याच खात्यात. ती गणपतीला घरी आली होती. मी सहज विचारलं, कसं काय चाललंय, मॅनेजर बरा आहे ना? मला वाटलं होतं, आपल्या माणसाचं चार शब्द कौतुक ऐकायला मिळेल.

"मामा, नमुना आहे," ती म्हणाली. "त्याला वाटतं तो आमच्यातलाच आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे स्टँडअपला येतो आणि आमच्यासमोर मॅनेजमेंटला शिव्या देतो. आम्ही काय बोलणार? आम्ही त्याच्याकडेच बघत बसतो. रात्री साडेदहाला मेसेज टाकतो, वर लिहितो, सॉरी टीम, माझ्या हातात नाही. आणि अप्रेझलला प्रत्येकाला आत बोलावून एकच सांगतो." तिने मान हलवली, डोळे खाली केले. "मी तुझ्यासाठी खूप भांडलो, पण वरून आलंय."

नक्कल मामाच्या मित्रापेक्षा सरस होती. मी तिला मोदक वाढला आणि विषय बदलला. तिला हे सांगायची माझी छाती झाली नाही, की ते वाक्य तो स्वतः दरवर्षी ऐकतो. सांगून उपयोगही नव्हता. ती पुढच्या जानेवारीत पेपर टाकणार आहे.

27 जुलै 2025 ला रविवार होता. त्या दिवशी टीसीएसची बातमी आली: सुमारे दोन टक्के, म्हणजे 12 हजारांहून जास्त माणसं कमी करणार, मुख्यतः मधल्या आणि वरच्या फळीतली. सोमवारी सकाळी डब्यात नेहमीचेच लोक होते, पण कोणी टाळी देत नव्हतं. सीईओची कंपनी ती नाही. तरीही तो दाराकडे तोंड करून उभा होता. आमच्या डब्यात आयटीवाले दहा-बाराजण असतील, सगळे चाळिशीच्या अल्याडपल्याडचे, सगळे मधल्या फळीतले. आजवर त्यांच्या तक्रारीत एक ऐट होती: मी सोडून जाईन मग कळेल. त्या सोमवारी पहिल्यांदा त्यांच्या लक्षात आलं असावं, की आपण मेल ड्राफ्टमध्ये ठेवली तशी वरच्यांनीही आपली एखादी ठेवली असेल. मुंब्र्याला कोणीतरी एआयचं काहीतरी काढलं, त्यावर कोणी काही बोललं नाही. सीईओ ठाण्याला उतरताना एवढंच म्हणाला, "काका, तुमच्या बँकेत काही निघालं तर सांगा." मी म्हटलं, "अरे, माझ्या जागेवर कोण घेतंय, मी पुढच्या वर्षी रिटायर." तो हसला. पण ते हसणं मला आवडलं नाही.

महिन्याभरात गाडी रुळावर आली. त्याच्या कंपनीत काही झालं नाही, नवा बॉस आला, त्याला ओ की ठो कळत नसल्याचं निष्पन्न झालं, आणि डबा पुन्हा भरभरून वाहू लागला. त्याच सप्टेंबरात आमच्या सोसायटीची वार्षिक सभा झाली. सेक्रेटरी व्हायला नेहमीप्रमाणे कोणी तयार नव्हतं. सीईओला उभा केला. तो हो म्हणाला.

आमची सोसायटी चोवीस बिऱ्हाडांची. नोकरवर्ग तीन: वॉचमनकाका, जिना झाडणाऱ्या मावशी आणि पंप लावून पाणी सोडणारा पोरगा. दिवाळीची पोस्त म्हणून तिघांना एकेक पगार द्यायचा, ही पद्धत इमारत बांधल्यापासूनची. सीईओने पहिल्याच कमिटी मीटिंगला लॅपटॉप टीव्हीला जोडला आणि एक्सेल उघडलं. उभ्या रकान्यात तीन नावं. आडवे रकाने मी मोजले नाहीत. वक्तशीरपणा, पुढाकार, रहिवाशांचा अभिप्राय, संकटकाळातील प्रतिसाद. शेवटचा रकाना रेटिंग. एक उत्तम, एक ठीक, एक सुधारणा आवश्यक. उत्तमला दीड पगार, ठीकला एक, सुधारणावाल्याला अर्धा. बेरीज तीनच पगार, सोसायटीला तोशीस नाही.

दुसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनी विचारलं, "वॉचमनला संकटकाळात पाचापैकी दोनच? संकट कुठलं आलं होतं?"

"आलंच नाही. म्हणजे त्याला काही करून दाखवायची संधी मिळाली नाही. त्याचे मार्क कसे देणार?"

"म्हणजे चोरी व्हायला हवी होती?"

"तसं नाही, आजोबा. पण दिसलं पाहिजे ना काहीतरी."

मी म्हटलं, "अरे, हा तुझा बेल कर्व्ह." तो म्हणाला, "छे! तो वेगळा. तिथे सक्ती असते." मग तिघांना आत बोलावलं. मावशींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, पदर खोचला आणि विचारलं, "म्हंजे साहेब, आमी तिघंबी चांगलं काम केलं तरी एक खराब पायजेलच?"

"पाहिजे म्हणजे... तसं बसतं ते, मावशी. सिस्टीम आहे."

"कुनाची?"

सीईओने सवयीने मान हलवली, डोळे खाली केले आणि सुरुवात केली, "मी तुमच्यासाठी खूप भांडलो, पण वरून..." आणि तिथे अडकला. आमच्या सोसायटीत सेक्रेटरीच्या वर फक्त पाण्याची टाकी आहे.

कमिटीवर मीही होतो, म्हणून सांगतो: कोणी कोणाशी भांडलं नव्हतं. चहा प्यायलो आणि सह्या केल्या.

सुधारणा आवश्यक होती वॉचमनकाकांना. पंचावन्नचे असतील, जामनेरकडचे, तेरा वर्षं आमच्या गेटवर. त्यांनी अर्धा पगार मोजून घेतला. भाऊबीज झाली, आणि काही दिवसांनी सकाळी सीईओ गाडीसाठी खाली उतरला, तर काका गेटपाशी उभे, हातात पिशवी, पायात चपलांऐवजी बूट. मी मागेच होतो.

"साहेब, ही गेटची किल्ली, ही मीटररूमची, ही गच्चीची. बॅटरी चालू हाय, सेल नवे टाकलेत. मी निघालो."

"निघालो म्हणजे? कुठे?"

"बाजूच्या बिल्डिंगला. आजपासून लागलो. हजार जास्ती देतेत."

"अहो, असं कसं? काही नोटीस? निदान महिनाभर आधी..."

काकांनी घड्याळात बघितलं. बाजूच्या गेटवर त्यांची आठची ड्यूटी होती.

सीईओ रिक्षात माझ्याशेजारी बसला तो पार स्टेशनपर्यंत गप्प. फलाटावर गप्प. गाडीत चढलो, दार धरलं, कोपर गेलं तेव्हा त्याला कंठ फुटला. नव्या बॉसबद्दल, चेन्नईबद्दल, त्या सकाळी त्याने एक अक्षर काढलं नाही.

"तेरा वर्षं, काका. तेरा वर्षं सांभाळला आपण माणसाला. आणि हजार रुपयांसाठी एका दिवसात सोडून जातो. हल्ली कुणाला कशाची बांधिलकी म्हणून राहिलेली नाही."

"त्याला काय वाटलं ते विचारलंस का?" औषध कंपनीवाला म्हणाला.

"विचारायचं काय! बाजूच्या सेक्रेटरीचा मला मेसेज आला ना आत्ता, चौकशीचा. त्याला म्हणे काकांनी सांगितलं, तिथली मॅनेजमेंट बरोबर नाही." सीईओने सॅक पोटावर वर ओढली आणि आमच्याकडे पाहिलं. "मॅनेजमेंट! अरे, आपल्याकडे मॅनेजमेंट आहेच कोण?"